साठ की पासष्ट? : वयाच्या रकान्यातील लढाई

नांदेडच्या हुजूर साहिब रेल्वे स्थानकावर आरक्षणाचा अर्ज भरताना प्रवाशाला आजही वयाचा रकाना भरावा लागतो. २० मार्च २०२० पूर्वी या रकान्यातील आकड्याला मोल होते. पुरुषाची साठ आणि स्त्रीची अठ्ठावन्न वर्षे पूर्ण झाली, की भाड्यात अनुक्रमे ४० आणि ५० टक्के सवलत मिळत असे. महासाथीचे निमित्त होऊन ती थांबविण्यात आली. पुढे गाड्या पूर्ववत धावू लागल्या, फलाटावरील गर्दी परतली. सवलत मात्र परतली नाही. आता तो आकडा फार तर खालचा बर्थ मिळण्यापुरता उपयोगी पडतो.

नांदेडहून परभणी, परळी, लातूर, बार्शी, कुर्डुवाडीमार्गे पनवेलला जाणाऱ्या गाडीत कोणत्याही दिवशी बसावे. केस पांढरे झालेली किती माणसे आणि कोणत्या कारणांनी प्रवास करतात, ते लक्षात येते. कोणी पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाकडे निघालेले असते, कोणाच्या हातात तपासण्यांची पिशवी असते, कोणाला नातवंडाच्या बारशाला वेळेवर पोहोचायचे असते. आपल्या समाजातील किती तरी ज्येष्ठ दांपत्यांनी सम्मेदशिखरजीची यात्रा याच सवलतीच्या आधारावर आखली होती. माहितीच्या अधिकारात मिळालेल्या उत्तरानुसार मार्च २०२० ते मार्च २०२२ या दोन वर्षांत सुमारे ७ कोटी ३१ लाख ज्येष्ठांनी सवलतीविना प्रवास केला आणि त्यातून रेल्वेला सुमारे १,५०० कोटी रुपयांचे अधिकचे उत्पन्न झाले. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. हा सरकारी धोरणाचा विषय आहे, असे म्हणून न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये याचिका फेटाळली.

सवलत म्हणजे हक्क नव्हे, हा युक्तिवाद क्षणभर मान्य करता येईल. वर्षानुवर्षे पै-पैचा हिशेब ठेवलेल्या माणसाला रेल्वेच्या तोट्याचे गणितही समजते. परंतु एक गोष्ट खटकते. वयाच्या आधारावर काही द्यायचे असेल, तर समित्या बसतात, अहवाल येतात, तिजोरीचा विचार होतो. वयाच्या आधारावर काही काढून घ्यायचे असेल, तर एक परिपत्रक पुरते.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण मुंबईत घडले. ३० मे २०२० रोजी राज्य सरकारने चित्रपट आणि मालिकांच्या चित्रीकरणास परवानगी देणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत पासष्ट वर्षांवरील कलावंत व कर्मचारी यांना चित्रीकरणस्थळी येण्यास मनाई होती. हेतू चांगला होता, यात शंका नाही. पण ज्याचे पोट रोजच्या कामावर आहे, त्याच्या घरी या चांगल्या हेतूने चूल पेटत नव्हती. प्रमोद पांडे या सत्तर वर्षांच्या अभिनेत्याने उच्च न्यायालयात दाद मागितली. पासष्ट वर्षांचा दुकानदार दुकान उघडून दिवसभर गल्ल्यावर बसू शकतो, मग त्याच वयाच्या कलावंताला काम का नाकारावे, असा साधा प्रश्न या प्रकरणातून पुढे आला. ७ ऑगस्ट २०२० रोजी न्यायमूर्ती काथावाला आणि न्यायमूर्ती छागला यांच्या खंडपीठाने ती अट भेदभाव करणारी ठरवून रद्द केली. एका चरित्र अभिनेत्याने दिलेला हा लढा फारसा गाजला नाही. वास्तविक महाराष्ट्रात वयाधारित भेदभावाविरुद्ध एवढा स्वच्छ निकाल क्वचितच मिळाला असेल.

येथे राज्यघटनेतील एक बाब ध्यानात घ्यावी लागते. अनुच्छेद १५ धर्म, वंश, जात, लिंग आणि जन्मस्थान या कारणांवरून भेदभाव करण्यास मनाई करतो. या यादीत वय नाही. अनुच्छेद ४१ मध्ये वार्धक्याचा उल्लेख येतो, पण तो राज्याने आपल्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत साहाय्य करावे असे सांगणाऱ्या मार्गदर्शक तत्त्वांत. म्हणजे म्हातारपणाला घटनेत करुणेची जागा आहे, समतेची जागा अनुच्छेद १४ मधून दर वेळी नव्याने शोधून काढावी लागते. अमेरिकेत नोकरीतील वयाधारित भेदभावाविरुद्ध १९६७ सालीच कायदा झाला. १९७० मध्ये पासष्टाव्या वर्षी सक्तीने निवृत्त व्हावे लागलेल्या मॅगी कुन या बाईंनी ‘ग्रे पँथर्स’ ही संघटना उभी केली आणि ‘वय झाले, आता घरी बसा’ या वाक्याला सार्वजनिक प्रश्नाचे रूप दिले. आपल्याकडे ते वाक्य अजून घरगुती समजले जाते.

महाराष्ट्रातील ज्येष्ठांची मोठी संघटना म्हणजे १९८० मध्ये स्थापन झालेला महाराष्ट्र राज्य ज्येष्ठ नागरिक महासंघ, अर्थात फेस्कॉम. तालुक्याच्या गावापर्यंत पसरलेल्या संघांची ही संघटना. बाहेरच्या माणसाला ज्येष्ठ नागरिक संघ म्हणजे वाढदिवस, सहल आणि आरोग्यावरील व्याख्यान एवढेच दिसते, आणि काही संघांबाबत ते खोटेही नाही. परंतु याच संघांनी एक लांबलेली लढाई चिकाटीने लढविली. तिचा विषय होता एक आकडा. २००७ चा केंद्रीय कायदा ज्येष्ठ नागरिक म्हणजे साठ वर्षे पूर्ण केलेली व्यक्ती असे सांगतो. राज्याने सप्टेंबर २०१३ मध्ये ज्येष्ठ नागरिक धोरण जाहीर केले, त्यात मात्र वय पासष्ट धरले. परिणामी एकच माणूस दिल्लीच्या दृष्टीने ज्येष्ठ आणि मुंबईच्या दृष्टीने पाच वर्षे उमेदवार! निवेदने, मेळावे, धरणे, अधिवेशनाच्या काळातील भेटीगाठी असे सारे झाल्यावर जुलै २०१८ मध्ये मंत्रिमंडळाने ती मर्यादा साठवर आणली.

कागदावर आणली, असे म्हणणे अधिक अचूक ठरेल. कारण एस. टी. महामंडळाची अर्ध्या तिकिटाची सवलत पासष्ट वर्षांनंतरच राहिली. २०२२ च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरी पार केलेल्यांना ‘अमृत ज्येष्ठ नागरिक’ म्हणून मोफत प्रवास मिळू लागला आणि त्याचा आनंद किनवट-माहूरपासून औसा-निलंग्यापर्यंतच्या बसस्थानकांवर दिसतो, हे मान्य केले पाहिजे. पण साठ ते पासष्ट या पाच वर्षांतील शेतमजुराचे काय, हा प्रश्न तेथेच राहिला. शहरातील सेवानिवृत्ताला ही पाच वर्षे अंगावर येत नाहीत. मराठवाड्यातील ऊसतोड मजूर साठीला पोहोचतो तेव्हा त्याच्या गुडघ्यांनी केव्हाच निवृत्ती घेतलेली असते.

वयाच्या अटी एकमेकींशी किती विसंगत असतात, हे पाहायचे असेल तर दोन योजना शेजारी ठेवून वाचाव्यात. जुलै २०२४ मध्ये ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना सुरू झाली. एकवीस ते पासष्ट वर्षे वयाच्या, वार्षिक कौटुंबिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असलेल्या स्त्रियांना दरमहा १,५०० रुपये. दुसरी योजना श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतनाची. पासष्ट वर्षे व त्यावरील निराधारांना २०२३ पासून तेवढीच रक्कम, दरमहा १,५०० रुपये. वरवर पाहता हिशेब जुळतो. बहीण पासष्टीची झाली की एका खिडकीवरून उठून दुसऱ्या खिडकीवर जाईल. पण श्रावणबाळ योजनेची उत्पन्नाची मर्यादा पाहावी : कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजार रुपये, किंवा दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव. अडीच लाख आणि एकवीस हजार! ज्या घराचे उत्पन्न वर्षाला दीड लाख आहे, त्या घरातील चौसष्ट वर्षांची स्त्री पहिल्या योजनेस पात्र आहे. दोन वर्षांनी, सहासष्टाव्या वर्षी, ती दोन्ही योजनांच्या बाहेर आहे. या दोन वर्षांत तिचे उत्पन्न वाढलेले नाही, औषधे मात्र वाढलेली आहेत. तिचा दोष एवढाच, की ती जगली.

अशा स्त्रीची बाजू मांडणारे कोण आहे? ज्येष्ठांच्या निवेदनांवरील सह्या वाचल्या तर त्यांत निवृत्त प्राध्यापक, निवृत्त तहसीलदार, निवृत्त शाखाधिकारी अशी नावे अधिक आढळतात. ज्यांना निवृत्तिवेतन आहे, त्यांनाच आंदोलनाला वेळ आणि भाषा आहे. ज्यांनी आयुष्यभर घर, शेत आणि पापड-लोणच्यांचा गृहउद्योग सांभाळला, त्या स्त्रियांना निवृत्तीच नाही, मग निवृत्तिवेतन कोठून येणार? संघांच्या कार्यकारिणीतही त्या बहुधा ‘महिला प्रतिनिधी’ या एका खुर्चीपुरत्या असतात. ही उणीव बाहेरच्यांनी दाखविण्याआधी संघांनी स्वतः मान्य करावी, हे बरे.

तथापि याच महाराष्ट्रात ज्येष्ठांचे एक असे आंदोलन उभे राहिले, ज्यात खालच्या पायरीवरचा निवृत्त माणूस पुढे आहे. ते म्हणजे ईपीएस-९५ निवृत्तिवेतनधारकांचे. १६ नोव्हेंबर १९९५ रोजी सुरू झालेल्या या योजनेत एस. टी. महामंडळ, सहकारी साखर कारखाने, सूतगिरण्या, सहकारी बँका, महाबीजसारखी महामंडळे आणि खासगी कारखाने येथील कर्मचारी आले. नांदेडला उस्मानशाही मिलच्या भोंग्यावर घड्याळ लावणारी पिढी होती; लातूर जिल्ह्यात साखर कारखान्यांनी हजारो घरांना पगार दिला. त्या पगारातील माणसे आता सत्तरीच्या आसपास आहेत.

योजनेचे सूत्र सोपे आहे. निवृत्तिवेतनास पात्र वेतन गुणिले सेवेची वर्षे, भागिले सत्तर. २००१ ते २०१४ या काळात वेतनाची मर्यादा ६,५०० रुपये होती. १९९५ मध्ये योजनेत आलेला आणि अठरा वर्षांनी निवृत्त झालेला कर्मचारी घ्या. ६,५०० गुणिले १८, भागिले ७०. उत्तर येते १,६७१ रुपये. महिन्याचे. त्यात महागाई भत्त्याची तरतूद नाही, म्हणजे २०१३ चे १,६७१ हे २०२५ मध्येही १,६७१. ज्यांचे सूत्रानुसार येणारे वेतन याहूनही कमी होते, त्यांच्यासाठी १ सप्टेंबर २०१४ पासून किमान १,००० रुपये ठरविण्यात आले. राज्यसभेच्या याचिका समितीने, जिचे अध्यक्ष भगतसिंह कोश्यारी होते, २०१३ मध्ये किमान ३,००० रुपयांची शिफारस केली होती. पुढे तेच कोश्यारी महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. शिफारस होती तेथेच राहिली.

२४ डिसेंबर २०१८ रोजी बुलढाणा येथे या निवृत्तांनी साखळी उपोषण सुरू केले. राष्ट्रीय संघर्ष समितीचे नेतृत्व कमांडर अशोक राऊत यांच्याकडे. मागणी : किमान ७,५०० रुपये, त्यावर महागाई भत्ता, आणि पती-पत्नीस वैद्यकीय सुविधा. आज या तुकडीने बसायचे, उद्या त्या तुकडीने. उपोषण एका वर्षात संपले नाही, दोन वर्षांत संपले नाही. दिल्लीच्या जंतर मंतरवरही हे वृद्ध वारंवार जाऊन बसले. तरुणांचे आंदोलन वेगाने पेटते आणि लवकर थकते. ज्याला उद्याची घाई नाही, असा माणूस रोज त्याच जागी येऊन बसतो, तेव्हा त्या बसण्याला वेगळाच अर्थ येतो. अर्थात, काळ मात्र त्याच्या बाजूला नसतो. अशा आंदोलनात दर वर्षी काही नावे मागणीच्या यादीतून नव्हे, तर जगातूनच कमी होतात आणि सरकारी हिशेबात ही बचतच ठरते.

निवृत्तांच्या लढ्याला कायद्याचे अधिष्ठान मिळाले ते १७ डिसेंबर १९८२ रोजी. डी. एस. नकारा विरुद्ध भारत सरकार या खटल्याचा निकाल त्या दिवशी लागला. म्हणूनच हा दिवस निवृत्तिवेतनधारक दिन म्हणून पाळतात. १९७९ मध्ये केंद्राने निवृत्तिवेतनाचे सूत्र उदार केले, पण ते ३१ मार्च १९७९ रोजी वा त्यानंतर निवृत्त होणाऱ्यांनाच लागू केले. दोन दिवस आधी घरी गेलेल्या माणसाने काय पाप केले होते? सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने, न्यायमूर्ती डी. ए. देसाई यांनी लिहिलेल्या निकालात, ही तारखेची भिंत अनुच्छेद १४ च्या विरुद्ध ठरविली. निवृत्तिवेतन म्हणजे मालकाची मेहेरबानी नव्हे, ते केलेल्या सेवेचे मोल आहे, हा विचार तेथून रुजला.

रुजला, पण सर्वत्र फळला नाही. बँकांचेच पाहावे. १ नोव्हेंबर २००२ पूर्वी निवृत्त झालेल्यांना महागाई भत्ता घटत्या दराने मिळत राहिला आणि नंतरच्यांना पूर्ण दराने. जितका वयोवृद्ध, तितका भत्ता कमी, असा हा उफराटा न्याय होता. तो दूर होण्यास ऑक्टोबर २०२३ उजाडावा लागला. बँक कर्मचाऱ्यांच्या विधवांना मिळणाऱ्या कुटुंब निवृत्तिवेतनावर ९,२८४ रुपयांची कमाल मर्यादा होती. ती काढून सरसकट ३० टक्के करण्याचा निर्णय ऑगस्ट २०२१ मध्ये झाला. दोन्ही वेळा निवृत्तांच्या संघटनांनी वर्षानुवर्षे पत्रव्यवहार केला होता. या मधल्या काळात ज्या भगिनी निवर्तल्या, त्यांना थकबाकी नाही. मूळ निवृत्तिवेतनाची फेररचना अद्याप झालेलीच नाही.

आरोग्य विम्यात परिस्थिती थोडी हलली. १ एप्रिल २०२४ पासून विमा नियामकाने पासष्ट वर्षांपर्यंतच्या प्रवेशाची जुनी चौकट काढून टाकली आणि जानेवारी २०२५ मध्ये ज्येष्ठांच्या हप्त्यात एका वर्षात १० टक्क्यांहून अधिक वाढ परस्पर करण्यास मज्जाव केला. सत्तरीनंतर आयुष्मान कार्डावर पाच लाखांचे संरक्षणही मिळते. दार उघडले, हप्ता परवडणे हा निराळा विषय आहे.

येथवरचा भेदभाव सरकारचा, कंपन्यांचा, परिपत्रकांचा. त्याविरुद्ध घोषणा देता येतात. घराच्या उंबऱ्याआत जो भेदभाव होतो, त्याविरुद्ध घोषणा कोणी द्यायची? या प्रश्नाला लातूर जिल्हा परिषदेने एक अनपेक्षित उत्तर दिले. नोव्हेंबर २०२० मध्ये सर्वसाधारण सभेने ठराव केला, की आई-वडिलांचा सांभाळ न करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या पगारातून ३० टक्के रक्कम कापून ती थेट आई-वडिलांच्या बँक खात्यात जमा करावी. डिसेंबरपासून कपात सुरूही झाली. बारा कर्मचाऱ्यांविरुद्ध तक्रारी आल्या, त्यांपैकी सहा जण शिक्षक होते. एका प्रकरणात महिन्याची कपात पंधरा हजार रुपये होती. आसाम राज्याने २०१७ मध्ये असाच कायदा केला होता, त्यात कपात दहा टक्क्यांची आहे. लातूरने एका जिल्हा परिषदेच्या अधिकारात तिप्पट मजल मारली.

या बातमीची तेव्हा देशभर चर्चा झाली. सहा शिक्षक हा तपशील सर्वांना बोचला, आणि तो बोचायलाच हवा होता. पण बातमीच्या आड राहिलेली खरी माणसे म्हणजे ती बारा कुटुंबांतील आई-वडील. ज्या मुलाला शिकविले, नोकरीला लागला तेव्हा गावभर पेढे वाटले, त्याच्याविरुद्ध त्याच्याच कार्यालयात अर्ज देणे ही गोष्ट किती जड असेल! गावात बोलणी बसतात. ‘मुलाच्या भाकरीवर पाय दिला’ असे म्हणणारे भेटतात. धरणे धरणाऱ्याच्या शेजारी शंभर माणसे असतात, हा अर्ज देणारी माता एकटी असते. तरीही त्यांनी अर्ज दिले. नोटिसा निघाल्यावर यांतील काही कर्मचाऱ्यांनी आई-वडिलांशी आपसांत समेट केला. समेट पैशांच्या भीतीने झाला की लाजेने, याची चिकित्सा करण्याचे कारण नाही. ताटात जेवण आले, हे महत्त्वाचे.

जे जिल्हा परिषदेत नोकरीला नाहीत, त्यांच्या आई-वडिलांसाठी २००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह आणि कल्याण कायदा आहे. महाराष्ट्रात तो १ मार्च २००९ पासून लागू झाला. उपविभागीय अधिकारी हेच न्यायाधिकरणाचे प्रमुख असतात. म्हणजे नांदेड वा लातूर गाठण्याची गरज नाही, देगलूर, किनवट, उदगीर, निलंगा येथील उपविभागीय कार्यालयातही अर्ज देता येतो. कायद्यात वकिलास प्रवेश नाही, अर्ज ९० दिवसांत निकाली काढावा असे बंधन आहे. अपत्य नसेल, तर ज्याला मालमत्ता मिळणार आहे त्या नातेवाइकाविरुद्धही अर्ज करता येतो. वृद्धाला वाऱ्यावर सोडून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड आहे. १४५६७ या मदतवाहिनीवर विनामूल्य मार्गदर्शन मिळते.

आपल्या समाजात अशी प्रकरणे नसतात, असे समजून अनेक जण हा परिच्छेद ओलांडून पुढे जातील. त्यांनी जरा थांबावे. व्यापारी घरातील उपेक्षेची तऱ्हा वेगळी असते. तेथे कोणी उपाशी राहत नाही. मोंढ्यातील आडत दुकानात वडिलांची गादी तशीच असते, त्यांच्यासाठी चहाही येतो. फक्त खरेदी-विक्रीचा शब्द त्यांना विचारला जात नाही. पुढे चेकवरील सहीचा अधिकार बदलतो, मोबाइलवर येणारा बँकेचा संदेश मुलाच्या क्रमांकावर वळतो आणि एक दिवस घर नावावर करून देण्याचा विषय निघतो. महाराष्ट्रात २०१५ पासून राहते घर वा शेतजमीन मुलाला-मुलीला बक्षीस देताना मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये आहे. सोय मोठी झाली, धोकाही तितकाच स्वस्त झाला. सही करणाऱ्या वडिलांना बहुधा कोणी सांगत नाही, की मृत्युपत्र हयातीत केव्हाही बदलता येते, बक्षीसपत्र तसे बदलता येत नाही.

कायद्याचे कलम २३ येथे उपयोगी पडते. मालमत्ता देताना ‘देणाऱ्याचा सांभाळ करावा’ अशी अट असेल आणि घेणाऱ्याने ती मोडली, तर न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द ठरवू शकते. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की अशी अट असल्याचे दाखवावे लागेल, तिच्याविना हे कलम लागू होत नाही. २ जानेवारी २०२५ रोजी उर्मिला दीक्षित प्रकरणात मात्र त्याच न्यायालयाने हा ज्येष्ठांच्या हितासाठीचा कायदा आहे, त्याचा अर्थ उदारपणे लावावा, असे म्हणत मध्य प्रदेशातील एका मातेने मुलास दिलेले बक्षीसपत्र रद्द केले. त्या मातेजवळ मुलाने सांभाळ करण्याचे लिहून दिलेले वचनपत्र होते. म्हणून जेथे बक्षीसपत्र करणे आवश्यकच असेल, तेथे सांभाळाची अट दस्तातच लिहावी आणि राहते घर तरी शक्यतो मृत्युपत्रावर ठेवावे. पोटच्या मुलाकडून असे लिहून घेणे अनेकांना अपमानाचे वाटते. बँकेत मुलाच्या कर्जाला जामीन राहताना हेच वडील दहा ठिकाणी सह्या करतात, तेव्हा त्यात कोणाला अपमान वाटत नाही.

याच ओघात दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आपल्या संस्थांच्या विश्वस्त मंडळांवर पंचवीस-पंचवीस वर्षे तीच ज्येष्ठ मंडळी असतात आणि चाळिशीच्या कार्यकर्त्यास ‘तुला अजून अनुभव नाही’ असे ऐकविले जाते. तोही वयाचाच भेदभाव. ज्यांना पासष्टीची अट जाचते, त्यांनी चाळिशीवाल्याला दारात उभे करू नये.

नोव्हेंबर आला की नांदेडच्या वजिराबादेत आणि लातूरच्या गांधी चौकात बँकांसमोर हयातीच्या दाखल्यासाठी रांगा लागतात. २०१४ पासून हा दाखला आधारच्या अंगठ्यावर मिळतो, २०२१ पासून चेहऱ्यावरूनही. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्ये सत्तरीपुढील ग्राहकांना घरपोच मूलभूत सेवा द्यावी असे बँकांना सांगितले. किती शाखांत ती मागितल्यावर मिळते, हे ज्येष्ठ नागरिक संघांनी आपापल्या गावी जाऊन विचारण्यासारखे आहे. शेतात राबलेल्या हाताच्या रेषा यंत्राला ओळखता येत नाहीत. मग तो म्हातारा हात पुसतो, पुन्हा ठेवतो, आणि आपण जिवंत आहोत हे तिसऱ्यांदा सिद्ध करतो.

संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेने ३ एप्रिल २०२५ रोजी ज्येष्ठांच्या हक्कांसाठी स्वतंत्र आंतरराष्ट्रीय कराराचा मसुदा तयार करण्याचे काम एका कार्यगटाकडे सोपविले. जिनिव्हाहून लातूरपर्यंत त्याचा परिणाम पोहोचण्यास किती वर्षे लागतील, याचा अंदाज बांधण्यात अर्थ नाही. घरच्या कायद्याची दुरुस्ती त्याआधी व्हावयास हवी होती. डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलेल्या विधेयकात सून-जावयांवरही जबाबदारी टाकण्याची आणि निर्वाहभत्त्यावरील कमाल मर्यादा काढण्याची तरतूद होती. सतरावी लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक व्यपगत झाले. न्यायाधिकरणाने आई-वडिलांना जास्तीत जास्त किती देवविता येईल, याची २००७ साली ठरलेली मर्यादा दरमहा १०,००० रुपये होती. ती आजही तेवढीच आहे.